महागडं मशीन, जुने भाग: मॅक प्रो वापरणारे इतकी वर्षं का चिडले होते?

११ जून २०१२ रोजी ॲपलने नवा मॅकबुक प्रो लॅपटॉप दाखवला. त्यात बारीक पिक्सेलची रेटिना स्क्रीन होती, आणि बाहेरच्या उपकरणांशी माहितीची वेगाने ने-आण करणारी यूएसबी ३ आणि थंडरबोल्ट ही पोर्ट होती. त्याच दिवशी कसलाही गाजावाजा न करता कंपनीच्या ऑनलाइन दुकानात मॅक प्रो या सर्वांत ताकदवान डेस्कटॉपवर 'नवीन' अशी पट्टी लागली. ज्यांचं पोट या मशीनवर चालतं त्यांनी लगेच तपशील उघडून पाहिले. प्रोसेसरचा वेग थोडा वाढलेला, पण पिढी २००९-१० चीच. ग्राफिक्स कार्ड रेडिऑन एचडी ५७७०, म्हणजे ऑक्टोबर २००९ मध्ये बाजारात आलेलं. यूएसबी ३ नाही, थंडरबोल्ट नाही. सुरुवातीची किंमत २,४९९ डॉलर, दोन वर्षांपूर्वी होती तेवढीच. ओरड इतकी झाली की ती 'नवीन' पट्टी उतरली. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी एका ग्राहकाच्या ईमेलला स्वतः उत्तर दिलं: तुमच्यासारखे व्यावसायिक ग्राहक आमच्यासाठी महत्त्वाचे आहेत, पुढच्या वर्षाच्या उत्तरार्धात काहीतरी खास येतंय.

बाहेरून बघणाऱ्याला हा राग पटकन कळत नाही. कॉम्प्युटर बिघडलेला नाही, काम होतंय, मग तक्रार कशाची? दरवर्षी नवा फोन हवा असणाऱ्यांचीच ही हौस आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं अजिबात नाही. या लोकांचं म्हणणं अगदी रास्त होतं, आणि ते समजून घ्यायचं तर आधी या मशीनवर नेमकं काय काम चालतं ते बघायला हवं.

असा कॉम्प्युटर लागतो कुणाला

चित्रपटाचे एडिटर, रंगसंस्कार करणारे कलरिस्ट, थ्रीडी आणि व्हीएफएक्सवाले, शेकडो ट्रॅकचं मिक्सिंग करणारे साउंड इंजिनिअर, मोठाली सॉफ्टवेअर लिहिणारे प्रोग्रॅमर, हवामानाची किंवा जनुकांची माहिती चाळणारे संशोधक. या सगळ्यांच्या कामात एक गोष्ट सारखी आहे. माणसाचं काम संपलं की मशीनचं काम सुरू होतं आणि माणूस थांबून राहतो.

फुल एचडी व्हिडिओच्या एका फ्रेममध्ये सुमारे २१ लाख पिक्सेल असतात. ४के मध्ये तेच सुमारे ८३ लाख होतात. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर कॉम्प्युटरला दर सेकंदाला जवळपास २० कोटी पिक्सेलचा हिशोब करायचा असतो. ८के घेतलं तर जवळपास ८० कोटी. त्यावर रंग बदलले, मागचा हिरवा पडदा काढला, धूसरपणा घातला, की प्रत्येक थराला तेवढाच हिशोब पुन्हा. कॅमेरे दर दोन-तीन वर्षांनी पुढे जात राहतात आणि ग्राहक नव्या कॅमेऱ्यावरचंच चित्रीकरण घेऊन येतो. त्याला 'माझं मशीन जुनं आहे' असं सांगून भागत नाही. म्हणून मशीन आहे तिथेच थांबलं तरी प्रत्यक्षात ते मागे पडत असतं. त्याच्यावर येणारं काम दरवर्षी जड होत जातं.

या मशीनमध्ये साध्या कॉम्प्युटरपेक्षा वेगळं काय असतं, तेही थोडक्यात सांगतो. प्रोसेसर इंटेलच्या झिऑन मालिकेतला, म्हणजे सर्व्हरसाठी बनणाऱ्या जातीचा: कोअर, म्हणजे एकाच वेळी हिशोब करणारे भाग, जास्त, आणि तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालण्याची तयारी. मेमरी ईसीसी प्रकारची. मेमरीत कधी कधी एखादा बिट आपोआप उलटतो, शून्याचा एक होतो. गाणं ऐकताना असं झालं तर कळणारही नाही, पण रात्रभर चाललेल्या गणितात एक आकडा चुकला तर सगळा निकाल चुकतो. ईसीसी मेमरी ही चूक पकडते आणि दुरुस्त करते. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे स्लॉट. कॉम्प्युटर उघडून आत नवं कार्ड बसवता येण्याची सोय.

२००६ ते २०१२ दरम्यानच्या ॲल्युमिनियमच्या मॅक प्रो टॉवरमध्ये ही सोय फार सुंदर होती. मागची एक खिट्टी ओढली की बाजूचं अख्खं दार हातात यायचं. आत चार हार्डडिस्कचे खण. डिस्क एका पत्र्याच्या ट्रेला लावायची आणि आत ढकलायची, वायर जोडायची गरज नाही. खाली चार पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट. ग्राफिक्स कार्ड जुनं झालं तर ते काढून नवं लावा, व्हिडिओ आत घेणारं कार्ड लावा, ऑडिओवाले आवाजावर प्रक्रिया करणारी त्यांची डीएसपी कार्डं लावत. मशीनचं वजन अठरा किलोच्या वर, दिसायला धिप्पाड, पण पाच-सात वर्षं पुरवून पुरवून वापरता येणारं. ज्यांनी हे मशीन वापरलं ते अजूनही त्याच्याबद्दल मायेने बोलतात, यात मला नवल वाटत नाही.

'चालतंय ना' म्हणून का भागत नाही

समजा चित्रीकरणावरून ५०० जीबीचा माल बाहेरच्या ड्राइव्हवर आला. २०१२ च्या मॅक प्रोवर यूएसबी २ आहे. कागदावर त्याचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, पण प्रत्यक्षात हातात पडतात सेकंदाला ३०-३५ मेगाबाइट. म्हणजे नुसती कॉपी व्हायला चार तास. त्याच टॉवरवरच्या फायरवायर ८०० या दुसऱ्या पोर्टने तेच काम पावणेदोन तासांत होईल. त्याच दिवशी विकायला आलेल्या लॅपटॉपवर यूएसबी ३ आहे. ड्राइव्ह वेगवान असेल तर तिथे हे काम अर्ध्या तासात उरकतं. टॉवरमध्ये दुसऱ्या कंपनीचं यूएसबी ३ कार्ड बसवून मार्ग निघायचा, आणि लोक तो काढतही. पण सर्वांत महाग मशीन घेणाऱ्याने वरून कार्ड विकत घ्यायचं आणि लॅपटॉप घेणाऱ्याला ती सोय आतच मिळायची, हे कुणाला पटेल?

किमतीचं गणित याहून टोचणारं आहे. कॉम्प्युटरच्या भागांची किंमत महिन्यागणिक उतरते. २००९ चं ग्राफिक्स कार्ड २०१३ मध्ये बाजारात किरकोळ भावाला मिळत होतं, पण ते ज्या मशीनमध्ये होतं त्याची किंमत जशीच्या तशी. म्हणजे ग्राहक जितका उशिरा येईल तितका त्याच पैशात त्याला कमी माल मिळे. मशीन बाजारात आल्या दिवशी घेणारा फायद्यात. तीन वर्षांनी घेणारा, तोही बहुतेक वेळा नाइलाजाने घेणारा, तोट्यात. कंपनीने निदान किंमत तरी उतरवायची होती. ती वर्षानुवर्षं उतरली नाही, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत अन्यायाचं वाटतं.

शिवाय हे प्रकरण एकट्या मशीनचं नव्हतं. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने एक्ससर्व्ह हा आपला रॅकमध्ये बसणारा सर्व्हर बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि ३१ जानेवारी २०११ नंतर तो मिळेनासा झाला. २०११ च्या जूनमध्ये ॲपलचं व्हिडिओ एडिटिंगचं नवं सॉफ्टवेअर, फायनल कट प्रो एक्स, आलं. ते जुन्या फायनल कटचे प्रोजेक्ट उघडू शकत नव्हतं, एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांचं चित्रीकरण जुळवण्याची सोय त्यात सुरुवातीला नव्हती, आणि जुनं व्हर्जन विक्रीतून काढून घेतलेलं. अनेक कॅमेऱ्यांची ही मल्टिकॅम सोय जानेवारी २०१२ मध्ये परत आली, पण तोवर बऱ्याच एडिटरांनी दुसऱ्या सॉफ्टवेअरची वाट धरली होती. अशा पार्श्वभूमीवर जेव्हा मॅक प्रोही तसाच पडून राहिला, तेव्हा लोकांनी सरळ अर्थ काढला: या कंपनीला आता आपण नको आहोत.

१ मार्च २०१३ पासून युरोपीय संघात मॅक प्रोची विक्रीच थांबली. विद्युत सुरक्षेच्या सुधारित नियमात पंख्यांना जाळी आणि पोर्टना जास्त संरक्षण असणं आवश्यक झालं होतं. जुन्या टॉवरमध्ये ते नव्हतं आणि त्यासाठी टॉवरमध्ये बदल करण्याचं कंपनीने टाळलं. काही महिने एका अख्ख्या बाजारपेठेत हे मशीन नव्हतंच.

नळकांडं आणि उष्णतेचा पेच

मग २०१३ च्या जूनमध्ये कुक यांनी म्हटलेलं 'खास' काहीतरी आलं. काळं, चकचकीत नळकांडं. उंची ९.९ इंच, व्यास ६.६ इंच, वजन पाच किलो. आकारमान जुन्या टॉवरच्या एक-अष्टमांश. मार्केटिंगप्रमुख फिल शिलर यांनी मंचावरून, ॲपलला आता नवं काही सुचत नाही म्हणणाऱ्यांना त्वेषाने उत्तर दिलं. १९ डिसेंबर २०१३ ला विक्री सुरू झाली, किंमत २,९९९ डॉलरपासून.

हे मशीन पुढे अडकलं कसं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळी गोम त्यातच आहे.

नळकांड्याच्या मधोमध ॲल्युमिनियमचा एक त्रिकोणी गाभा होता. त्याच्या तीन बाजूंना तीन पाट्या चिकटवलेल्या: एकीवर प्रोसेसर, उरलेल्या दोन्हींवर एकेक ग्राफिक्स चिप. तिघांची उष्णता त्या एकाच गाभ्यात जायची. वर एकच मोठा पंखा. तो खालून हवा ओढून घेई आणि वरून बाहेर टाकी, धुराड्यासारखी. रचना म्हणून हे अप्रतिम होतं. मशीन जवळजवळ आवाज न करता चाले, आणि ज्याला रेकॉर्डिंगच्या खोलीत कॉम्प्युटर ठेवायचा असतो त्याला याचं मोल विचारा.

पण ही रचना एका अंदाजावर उभी होती. तिन्ही बाजूंना साधारण सारखीच उष्णता तयार होईल, आणि पुढच्या काळात सॉफ्टवेअर दोन मध्यम ग्राफिक्स चिप्समध्ये काम वाटून घेईल, हा तो अंदाज. झालं उलट. चिप बनवणाऱ्यांनी एकाच ग्राफिक्स कार्डात जास्तीत जास्त ताकद कोंबायला सुरुवात केली. अशी मोठी कार्डं एकेकटी २५० वॅट आणि त्याहून जास्त वीज खात. नळकांड्याचा वीजपुरवठा सगळा मिळून ४५० वॅटचा, त्यात प्रोसेसर, मेमरी, दोन चिप्स आणि सगळे पोर्ट. त्रिकोणाच्या एका बाजूला २५० वॅटचं कार्ड लावायचं म्हटलं तर वीज पुरत नाही आणि उष्णता एका अंगाला साचते.

दोन चिप्समध्ये काम वाटणं ऐकायला सोपं आहे, प्रत्यक्षात ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या डोक्याला ताप असतो. प्रत्येक चिपची मेमरी वेगळी. सर्वांत वरच्या, डी७०० नावाच्या चिप्सच्या जोडीत प्रत्येकीकडे ६ जीबी. याचा अर्थ १२ जीबी एकत्र मिळत नसे. दृश्याची माहिती दोन्हींकडे स्वतंत्र ठेवावी लागे. म्हणून बहुतेक सॉफ्टवेअर एकच चिप वापरायची आणि दुसरी बरीचशी रिकामी बसायची. ॲपलच्या स्वतःच्या फायनल कटने दोन्ही वापरल्या. रंगसंस्काराच्या डाविंची रिझॉल्व्ह सॉफ्टवेअरनेही वापरल्या. बाकीच्यांचं तसं नव्हतं.

थ्रीडीवाल्यांची अडचण आणखी वेगळी. त्यांची ऑक्टेन, रेडशिफ्टसारखी रेंडर सॉफ्टवेअर, म्हणजे थ्रीडी दृश्याचं अंतिम चित्र तयार करणारी, तेव्हा फक्त कूडावर चालत. कूडा म्हणजे ग्राफिक्स चिपकडून हिशोब करून घेण्याचं एनव्हिडिया कंपनीचं तंत्र, आणि कूडा चालतं फक्त एनव्हिडियाच्या चिपवर. नळकांड्यात एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या चिप, त्याही खास त्या गाभ्यासाठी घडवलेल्या पाट्यांवर. म्हणजे दुकानातून दुसरं कार्ड आणून बसवायचा प्रश्नच मिटला. जुन्या टॉवरमध्ये हीच गोष्ट पाच मिनिटांची होती. २०१६ च्या फेब्रुवारीत तर काही नळकांड्यांमधल्या ग्राफिक्सच्या दोषासाठी ॲपलला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली.

कंपनीची बाजू घेणारे तेव्हा इंटेलकडे बोट दाखवत. त्यात थोडं तथ्य आहे. झिऑनच्या पिढ्या साध्या प्रोसेसरपेक्षा सावकाश येतात. पण तारखा बघा. सँडी ब्रिज पिढीचे झिऑन मार्च २०१२ मध्ये आले होते, तरी जूनमधल्या मॅक प्रोत जुनेच बसवले. नळकांड्यात २०१३ चे झिऑन बसले. त्यानंतर सप्टेंबर २०१४ मध्ये हॅसवेल पिढी आली, मार्च २०१६ मध्ये ब्रॉडवेल आली. एचपी आणि डेल यांच्या वर्कस्टेशनमध्ये त्या दोन्ही पिढ्या बसल्या. मॅक प्रोत एकही नाही. इंटेलने माल दिला होता. ॲपलने तो घेतला नाही.

मग कंपनीने असं का होऊ दिलं

४ एप्रिल २०१७ ला एक विरळा प्रसंग जगासमोर आला. जी कंपनी पुढच्या उत्पादनाबद्दल अवाक्षर काढत नाही, तिने मोजक्या पत्रकारांना बोलावून सांगितलं की मॅक प्रोचा आम्ही मुळापासून फेरविचार करतोय, पण तो या वर्षी येणार नाही. शिलर, सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडरिगी आणि हार्डवेअरचे जॉन टर्नस, तिघेही हजर होते. उष्णतेच्या बाबतीत आम्ही स्वतःला कोपऱ्यात अडकवून घेतलं, असं फेडरिगी यांनी मोकळेपणाने मान्य केलं. ज्यांना अपग्रेड हवं होतं त्यांची निराशा झाली, याबद्दल शिलर यांनी दिलगिरी व्यक्त केली. त्याच दिवशी नळकांड्याचे भाव सुधारले: आधी ज्या २,९९९ डॉलरमध्ये चार कोअर मिळत, त्यात आता सहा कोअर आणि वरच्या दर्जाच्या ग्राफिक्स चिप. मशीन बाजारात येऊन तीन वर्षं आणि साडेतीन महिने झाले होते, आणि हा पहिला बदल होता.

त्याच बैठकीत काही आकडे सांगितले गेले, आणि दुर्लक्षाचं कारण त्यातच आहे. विकल्या जाणाऱ्या मॅकपैकी सुमारे ८० टक्के लॅपटॉप, २० टक्के डेस्कटॉप. मॅक प्रोचा वाटा एक आकडी टक्क्यात. दुसरीकडे, व्यावसायिक सॉफ्टवेअर आठवड्यातून निदान एकदा वापरणारे १५ टक्के, आणि महिन्यातून काही वेळा वापरणारे आणखी १५ टक्के. म्हणजे तीसेक टक्के लोक व्यावसायिक कामं करतात, पण त्यातले बहुतेक लॅपटॉपवर आणि आयमॅकवर, म्हणजे स्क्रीनमध्येच सगळा कॉम्प्युटर असलेल्या डेस्कटॉपवर. व्यवस्थापनाच्या नजरेतून चित्र असं: सर्वांत अवघड मशीन, सर्वांत कमी खप, आणि चांगले इंजिनिअर मात्र आयफोनला हवेत. अशा वेळी हे काम 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून मागे सरकतं. कुणी मुद्दाम वाईट ठरवलं असं नसतं. एकेका वर्षी पुढे ढकललं गेलेलं काम बघता बघता पाच वर्षांचं होतं.

हा हिशोब मला अपुरा वाटतो. एक मॅक प्रो घेणाऱ्या स्टुडिओत त्याच्या जोडीला दहा लॅपटॉप आणि आयमॅक असतात, कारण सगळ्यांच्या फाइल एकमेकांत चालाव्या लागतात. वरचं मशीन विंडोजवर गेलं की आज ना उद्या खालची दहाही जातात. शिकणारी मुलं तेच सॉफ्टवेअर शिकतात जे कामाच्या ठिकाणी चालतं. खपाच्या तक्त्यात मॅक प्रोच्या रकान्यात हे काहीच दिसत नाही.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट. लोकांना सर्वांत जास्त त्रास जुन्या भागांचा झाला नाही, मौनाचा झाला. स्टुडिओ चालवणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सहा महिन्यांनी मोठं काम सुरू व्हायचंय. तीन मशीन बदलायला हवीत. आज मॅक प्रो घेतला आणि दोन महिन्यांत नवा आला, तर पैसे पाण्यात. थांबलो आणि नवा आलाच नाही, तर काम हातचं गेलं. विंडोजवर गेलो तर सॉफ्टवेअर, प्लगइन, माणसांच्या हातातल्या सवयी, जुने प्रोजेक्ट, सगळं बदलायचं, आणि तसं केल्यावर नवा मॅक प्रो आला तर परत फिरायचं कसं? 'पुढची दोन वर्षं नवं मशीन येणार नाही' एवढं कुणी सांगितलं असतं तरी निर्णय सोपा झाला असता. वाईट बातमीवर योजना आखता येते, मौनावर नाही.

फोनच्या बाबतीत गुप्तता ठेवणं समजू शकतं. शेवटच्या क्षणी पडदा उघडण्यात विक्रीचा फायदा आहे. पण हजारो डॉलरचं मशीन चार-पाच वर्षांसाठी घेणाऱ्याला आश्चर्याचा धक्का नको असतो, त्याला तारीख हवी असते. चिप बनवणाऱ्या कंपन्या येणाऱ्या पिढ्यांचा आराखडा आधीच जाहीर करतात तो याचसाठी. २०१७ ची ती बैठक लोकांना आवडली, तीही याच कारणाने. हातात नवं मशीन काहीच पडलं नव्हतं, पण वाट बघायची की जायचं हे निदान ठरवता आलं.

परत स्लॉट, परत पेच

मधल्या काळात, १४ डिसेंबर २०१७ ला, ४,९९९ डॉलरचा आयमॅक प्रो आला. वेगवान होता, पण बंद पेटीतला. मार्च २०२१ मध्ये तो यादीतून गेलाही. खरा नवा मॅक प्रो ३ जून २०१९ ला दाखवला गेला आणि १० डिसेंबरला विकायला आला. परत टॉवर, परत उघडणारं आवरण, आठ पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट, १.४ किलोवॅटचा वीजपुरवठा, २८ कोअरपर्यंत झिऑन, दीड टीबीपर्यंत मेमरी. मागितलं होतं ते सगळं मिळालं, फक्त किंमत सुरू झाली ५,९९९ डॉलरला. नळकांड्याच्या सुरुवातीच्या किमतीच्या दुप्पट, आणि त्यात साठवण २५६ जीबी. मोठ्या स्टुडिओंना ते परवडलं. एकट्याने घरून काम करणारा एडिटर, छोटा संगीतकार, जो २,४९९ डॉलरचा टॉवर घेऊन सात वर्षं वापरायचा, तो मात्र कायमचा बाहेर राहिला. माझ्या दृष्टीने खरं नुकसान त्याचं झालं आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं गेलं.

सहा महिने होतात न होतात तोच, २२ जून २०२० ला, ॲपलने इंटेल सोडून स्वतःच्या चिपकडे जाण्याची घोषणा केली. दोन वर्षांत सगळे मॅक बदलतील असं सांगितलं. मॅक प्रोची पाळी सर्वांत शेवटी, ५ जून २०२३ ला आली. एम२ अल्ट्रा चिप, किंमत ६,९९९ डॉलरपासून. तीच चिप, तेवढीच ६४ जीबी मेमरी आणि १ टीबी साठवण असलेला मॅक स्टुडिओ हा ॲपलचा छोटा डेस्कटॉप ३,९९९ डॉलरला. मधले तीन हजार डॉलर कशाचे? स्लॉटचे. आणि त्या स्लॉटमध्ये ग्राफिक्स कार्ड चालत नव्हतं.

याचं कारण तांत्रिक आहे आणि ते खोटं नाही. ॲपलच्या चिपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकच मेमरी वापरतात, आणि ती मेमरी चिपच्या शेजारी त्याच पाकिटात बसवलेली असते. अंतर कमी म्हणून वेग प्रचंड, वीज कमी, आणि माहिती इकडून तिकडे कॉपी करायची गरज नाही. लॅपटॉपमध्ये या रचनेने कमाल केली. पण याच रचनेमुळे मेमरी नंतर वाढवता येत नाही. २०१९ च्या मशीनमध्ये दीड टीबीपर्यंत मेमरी जायची, २०२३ च्या मशीनमध्ये जास्तीत जास्त १९२ जीबी. स्लॉटमध्ये साठवण, नेटवर्क, ऑडिओ आणि व्हिडिओची कार्डं बसत. ज्याला ती लागत त्याच्यासाठी ते मशीन योग्य होतं. इतरांनी मॅक स्टुडिओ घेतला, आणि ठीकच केलं. मार्च २०२५ मध्ये त्या मॅक स्टुडिओला एम३ अल्ट्रा, ५१२ जीबीपर्यंत मेमरी आणि थंडरबोल्ट ५ मिळालं. तेव्हा त्याच्याहून महाग असलेला मॅक प्रो एम२ अल्ट्रावरच होता. २०१२ मध्ये लॅपटॉप आणि टॉवर यांच्यात जे झालं, तेच पुन्हा.

घेणाऱ्याने काय बघावं

कुठल्याही कंपनीचं असो, व्यावसायिक मशीन घेताना पहिली चौकशी त्यातल्या चिपच्या वयाची करावी. मशीन कधी आलं यापेक्षा आतला प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप कुठल्या महिन्यात बाजारात आली ते बघा, ही माहिती चिप बनवणाऱ्यांकडे उघड असते. दोन वर्षांहून जुनी चिप मूळ किमतीला मिळत असेल तर थांबा, किंवा त्याच कंपनीचं खालचं मशीन तपासा. दुसरं, काय बदलता येईल हे विक्रेत्याच्या शब्दावर न ठेवता स्वतः पडताळा: मेमरी, साठवण, ग्राफिक्स, वीजपुरवठा. मेमरी बदलता येत नसेल तर आजच्या गरजेपेक्षा जास्त आजच घ्यावी लागते, आणि ती किंमत तुलना करताना धरायला हवी. आपलं मुख्य सॉफ्टवेअर प्रोसेसरवर जास्त अवलंबून आहे की ग्राफिक्सवर, हेही माहीत असलेलं बरं. बऱ्याच जणांनी नळकांड्याच्या दुसऱ्या चिपचे पैसे मोजले आणि ती कधी वापरलीच गेली नाही.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते ऑपरेटिंग सिस्टमच्या पाठिंब्याकडे. २०१८ च्या मॅकओएस मोहावेला मेटल हे ग्राफिक्स तंत्र चालणारं कार्ड लागत होतं. जुन्या टॉवरवाल्यांनी कार्ड बदललं आणि ते पुढे गेले. त्यांच्या मशीनला स्लॉट होता म्हणून हे जमलं. पुढच्या वर्षीच्या कॅटलिनाने मात्र ते टॉवर वगळलेच. २०१९ च्या इंटेल मॅक प्रोचं तर याहून बिकट झालं. तो ५ जून २०२३ पर्यंत विकला जात होता. जून २०२५ मध्ये ॲपलने जाहीर केलं की इंटेल मॅकवर चालणारी टाहो ही शेवटची मॅकओएस, पुढची आवृत्ती फक्त स्वतःच्या चिपवर चालेल. सुरक्षेचे अपडेट त्यानंतरही काही काळ मिळणार आहेत. पण २०२३ च्या वसंतात ज्याने सहा हजार किंवा त्याहून कितीतरी जास्त डॉलर मोजले, त्याच्या मशीनसाठी नव्या मॅकओएसचा रस्ता संपत असल्याचं अडीच वर्षांच्या आत जाहीर झालं. दीड टीबी मेमरी, आठ स्लॉट, २८ कोअर, सगळं व्यवस्थित चालू असताना.